बिनामाईकचं गाणं

बडनेऱ्याला आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आई स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायची आणि माईकवरच्या सूचनाही तिच्याकडेच होत्या. वेळेवर येणाऱ्या गाड्यांची नावं मशीन सांगायचं. पण गाडी उशिरा असली, फलाट बदलला, कुणाची पिशवी सापडली किंवा कुणाचं लेकरू चुकलं, तर ते मशीनला जमायचं नाही. तिथे आई लागायची. त्यामुळे तिचा आवाज स्टेशनभर पसरला की काहीतरी वेगळं घडलंय हे सगळ्यांना कळायचं. आमचं क्वार्टर यार्डाच्या पलीकडे, दोन नंबरच्या ओळीत होतं. वारा इकडचा असला की तिचा प्रत्येक शब्द घरात ऐकू यायचा. शाळेतून येऊन मी ओट्यावरच्या टोपल्यातली भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन दारात बसायची आणि आई तिकडून सांगायची, 'निळा फ्रॉक घातलेली चार वर्षांची मुलगी चौकशी खिडकीजवळ आहे, नाव विचारलं तर मोनी सांगते.' पुढच्या पाच-सात मिनिटांत दुसरी सूचना नाही आली की मोनीची माय तिला सापडली असं मी समजायची आणि उरलेली भाकर खायची.

घरातही तिचा आवाज तसाच, खणखणीत. विहारात पौर्णिमेला वंदना असली की पहिली ओळ तिनेच उचलायची असा जणू नियम होता. ती गाणारी नव्हती. तिला सूर वगैरे काही कळत नव्हतं, पण तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायचा आणि बाकीच्या बायांना त्याच्या आधाराने म्हणता यायचं. बाबा पार्सल ऑफिसात होते. ते मुळातच कमी बोलणारे. 'तुझी आई दोघांचं बोलते,' असं ते म्हणायचे आणि त्यात तक्रार नसायची.

मी बारावीत असताना आईच्या गळ्याला गाठ आली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, असं डॉक्टरांनी कागदावर सही घेण्याआधीच सांगितलं होतं आणि तेच झालं. पट्टी निघाली, टाके वाळले, आणि आईच्या तोंडून जो आवाज आला तो कापड फाटताना येतो तसा होता. तोही दोन शब्दांपुरता. तिसऱ्या शब्दाला नुसती हवा. दोन महिने वाट पाहून ऑफिसने तिला फाइलींच्या खोलीत बसवलं. तिची खुर्ची आणि माईक दुसऱ्या बाईंकडे गेला. त्या बाई चांगल्या होत्या, स्पष्ट बोलायच्या. तरीही त्यांचा आवाज आला की बाबा उठून दार लोटून घ्यायचे.

घर किती गप्प होऊ शकतं हे मला त्या वर्षी कळलं. कुकरची शिट्टी, भाकरी थापण्याचा आवाज, यार्डातून डबे जोडताना येणारा धडाका, हे सगळं आधीही होतंच, पण आता ते नुसतं ऐकू यायला लागलं. आईला मला बोलवायचं झालं की स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजायचा. तीनदा वाजला की बाबा. बाबांनी तर स्वतःचंही बोलणं कमी केलं, जणू तिच्यासमोर मोठ्याने बोलणं बरं दिसत नाही. अमरावतीला आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. दर शनिवारी आई त्यांच्याकडे जायची. त्या म्हणाल्या होत्या, 'एक बाजू लुळी पडली तर दुसरी बाजू हळूहळू काम उचलते. पण बोलत राहावं लागेल. रोज, अनोळखी माणसांशीसुद्धा. तुम्ही गप्प बसलात तर आवाजही बसेल.' आई मान हलवायची. घरी येऊन पोटावर हात ठेवून 'आऽ' करायची आणि मधेच थांबून गॅस पेटवायची.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. मी तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात नुकतीच जायला लागले होते. एका शनिवारी व्यायाम आटोपून आई आणि मी इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी उचलून आईने भाव विचारला. भाजीवाल्याला ऐकू आलं नाही. तिने परत विचारलं. तो म्हणाला, 'काय म्हन्ता बाई? जोरात बोला ना, कानात काय सांगून राहिले?' आजूबाजूचे दोघे-चौघे हसले. त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, तो सगळ्यांशी तसाच बोलत असणार. पण पलीकडे माझ्या वर्गातल्या दोन मुली गिलावडा खात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सरळ पुढे चालायला लागले. आई माझी कुणी नाही अशा चालीने. चार दुकानं पुढे जाऊन मी बांगड्या पाहायला लागले. मला वाटलं होतं आई टाळी वाजवेल, मागून येईल. ती आली नाही. मी परत गेले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला रिकामी पिशवी घेऊन उभी होती. मला पाहून ती हसली आणि बसस्टँडकडे चालायला लागली. त्या दिवसानंतर ती व्यायामालाही गेली नाही आणि बाजारालाही नाही. ऑफिस ते घर, घर ते ऑफिस. विहारात गेली तर शेवटच्या रांगेत बसायची. मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

हळूहळू मी आता तिच्या त्या वेळच्या वयाच्या जवळ येत चालले आहे. माझ्या मुलीला शाळेत सोडताना कधी मैत्रिणी दिसल्या की ती माझा हात सोडते, तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे पाहते. तिला वाटायला नको की मला दिसलं.

तर अशा दिवसांत, पोळा झाल्यावर, माझा मामा अकोल्याहून आला. रमेशमामा, आईचा धाकटा भाऊ. अकोल्यात त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवस, जयंत्या, दुकानांची उद्घाटनं, श्रद्धांजल्या, सगळ्या अकोल्याचे चेहरे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होते. चुकून खराब झालेले फ्लेक्स तो नातेवाइकांना वाटायचा, कारण ते कशावरही टाकता यायचे. त्या दिवशी खांद्यावर एक मोठी गुंडाळी घेऊन तो दारात आला.

'जयभीम ताई. हे घे, तुह्या व्हरांड्यावर बांधून देतो. ऊन लागत नाही अन् पानीबी येत नाही.'

त्याने आणि बाबांनी मिळून ते व्हरांड्याच्या लोखंडी पाइपांना बांधलं. छापील बाजू आतल्या अंगाला आली. त्यावर एक गोरी, अंगाने भरलेली बाई होती, लाल झगा घातलेली, दोन्ही हात पसरलेली, आणि तिचं तोंड इतकं उघडं होतं की दाढा दिसत होत्या. तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'भव्य ऑपरेशन महोत्सव'. खाली पाच रविवारांच्या तारखा.

आम्ही तिघेही ते वाचत उभे राहिलो. बाबा हळूच आईकडे पाहायला लागले. मामाच्याही लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. 'ताई, ते तसं नाही वं,' तो म्हणाला. 'टॉकीजवाल्यानं फोनवर सांगतलं, ऑपेरा महोत्सव. मले वाटलं लाइन खराब हाय. मी आपला ऑपरेशन समजलो. फ्लेक्स पाहून तो म्हने, आपन काय नेत्रशिबिर लावून राहिलो?'

आईचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ती रडते आहे. मग ती खांबाला धरून खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला कळलं की ती हसते आहे. आवाज काहीच नव्हता. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा अशी पोट धरून हसत होती आणि तिचं हसणं आता असं असतं हे आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. मग बाबाही हसले. मामा म्हणाला, 'हसा, हसा. अख्खा फ्लेक्स माह्या अंगावर पडला अन् तुमी हसून राहिले.'

चहा झाला. मामाने सांगितलं ते असं: अकोल्यातल्या एका टॉकीजचे दोन पडदे झाले होते आणि मालक हौशी माणूस होता. परदेशातल्या मोठ्या नाट्यगृहांमध्ये जे गाण्याचं नाटक चालतं ते कॅमेऱ्याने टिपून जगभरच्या टॉकीजमध्ये दाखवतात. त्याने पुण्यामुंबईला ते पाहिलं आणि आपल्याही गावात व्हावं म्हणून दिवाळीच्या आधीपासून एक सोडून एक रविवारी, सकाळी, असे पाच खेळ ठरवले. आई ऐकत होती, पण तिची नजर त्या चित्रावर होती. तिने मामाच्या हाताला स्पर्श केला आणि वर बोट दाखवलं.

'हिच्या हातात,' ती म्हणाली, श्वास घेतला, 'माईक काहून नाही?'

'त्याईले माईक नसतेच म्हने ताई. तो मालक सांगत होता. हजार-दोन हजार मानसं बसेल राहतात, समोर पन्नास वाजंत्री, अन् ही बाई बिनामाईकची गाते. पार मागच्या खुर्चीवर ऐकू जाते म्हनते.'

आईने ते मानलं नाही. माईक काय असतो आणि काय नसतो हे तिच्याइतकं आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिने मान हलवली आणि दोन शब्दांत निकाल दिला, 'लपवला असंल.' पण रात्री जेवताना तिने मला पाठीवर बोटाने टोचलं आणि विचारलं, 'किती दूरवर?' मला प्रश्न कळायला वेळ लागला. मग मी म्हणाले, 'मी पाहून सांगते.'

ते पाहणं म्हणजे अमरावतीच्या सायबर कॅफेत जाऊन तास-तासभर बसणं. आईने एखादी गोष्ट मागावी असे दिवस येऊन बराच काळ झाला होता, आणि इतवाऱ्याच्या त्या शनिवारनंतर मला तिच्यासाठी काहीही करायचं होतं. मी वहीत लिहून आणायची. माईक खरंच नसतो. श्वास पोटातून घेतात. आवाज कपाळाच्या हाडापर्यंत नेतात. आणि प्रत्येक खेळाची गोष्ट. भाषा आपल्याला कळणार नव्हती, खाली इंग्रजी ओळी येणार होत्या आणि त्या वाचायला आईला वेळ लागला असता, म्हणून पाचही गोष्टी तिला आधीच माहीत हव्या होत्या. 'नंतर मले. विचारता येनार. नाही,' ती म्हणाली. टॉकीजच्या अंधारात तिचं कुजबुजणं मला ऐकू येणार नाही, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

त्या दीड महिन्यातल्या संध्याकाळी मला फार आठवतात. ती मेथी निवडायची किंवा सांभारवड्यांचं सारण करायची आणि मी पाटावर बसून गोष्ट सांगायची. पहिल्या खेळाची गोष्ट तिने माझ्याकडून चार वेळा ऐकली असेल. एका मोठ्या नदीवर नावाडी असतो. थंडीत नदीवर असं धुकं पडतं की हात पुढे केला तर दिसत नाही. त्याची बायको रोज संध्याकाळी घाटावर उभी राहून गाते आणि तो तिच्या आवाजाच्या रोखाने नाव वल्हवत आणतो. गावच्या पाटलाला हे खुपतं. मी 'पाटील' म्हणायची, तिथे दुसरं काहीतरी होतं. तो एका रात्री तिला कोठडीत टाकतो. आई इथे मेथी खाली ठेवायची. 'काहून टाकते?' 'तिच्यावर त्याचा डोळा असते.' 'मंग?' मग नावाडी येत नाही. ती कोठडीच्या खिडकीतून गात राहते, दिवसामागून दिवस. आई शेवट ऐकायची आणि परत मेथी निवडायला घ्यायची. एकदा म्हणाली, 'ही बाई आपल्या लायनीतली हाय.' हे एवढं मोठं वाक्य तिने एका दमात म्हटलं होतं. माझ्या ते दुसऱ्या दिवशी कॉलेजात लक्षात आलं.

तिची तयारीही वेगळीच. तिने ठेवणीतली जांभळी साडी काढून ओसरीत वाळवली. बाबांना रजा टाकायला लावली. बाबांनी 'आपल्याले काय समजनार त्यातलं' असं एकदाच म्हटलं आणि नंतर स्वतःच अकोल्याच्या गाड्यांच्या वेळा वहीच्या मागे लिहून ठेवल्या, जणू त्या आम्हाला पाठ नव्हत्या. फ्लेक्सवरच्या बाईला तिने नावही दिलं होतं. येता-जाता तिच्याकडे पाहायची आणि कधी कधी, आम्ही आत आहोत असं समजून, तिच्यासमोर उभी राहून तोंड तेवढंच उघडायची. आवाज काढायची नाही. नुसतं किती उघडतं ते पाहायची.

पहिला रविवार आला. पहाटेच डबा भरला, सांभारवड्या आणि दही घेतलं. पॅसेंजर मिळाली. कुरूम, मूर्तिजापूर, बोरगाव, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आई खिडकीत बसून होती. अकोल्यात उतरलो तर ऑक्टोबरचं ऊन सकाळीच डोळ्यांवर येत होतं. मामा स्टेशनवर आला होता. चौघे ऑटोने टॉकीजवर गेलो. दारावर मामाचाच दुसरा, बरोबर छापलेला फ्लेक्स होता आणि त्याने तो आम्हाला थांबून दाखवला.

आत मात्र मॅनेजर खुर्चीत वैतागून बसला होता. 'खेळ होनार नाही,' तो म्हणाला. 'सात मानसं आली. तुमी चार अन् हे तिघं.' तिघांपैकी दोघे एक म्हातारं जोडपं होतं, आणि तिसरा एक गृहस्थ, कृषी विद्यापीठात शिकवणारे. 'मालक बाहेरगावी हायेत. सात मानसांसाठी मशीन अन् एसी चालू करू का? वीस तरी पाहिजेत. बाराचा सिनेमा हाय, तो पाहून जा पाहिजे तर.'

मामा त्याच्याशी वाद घालायला लागला. बाबा बाजूला सरकले; वाद सुरू झाला की ते तसेच सरकतात. मी आईकडे पाहिलं. तिला राग आला असेल, वाईट वाटलं असेल, असं मला वाटलं होतं. पण ती मॅनेजरकडे पाहतच नव्हती. ती बाहेरच्या आवाराकडे पाहत होती. तिथे बाराच्या हिंदी सिनेमाची तिकिटं घेतलेले लोक सावली शोधत बसले होते. खेड्यांवरून सकाळच्या एसटीने आलेली कुटुंबं, पोरींचा एक घोळका, वसतिगृहातली मुलं. आईने माझा दंड धरला आणि मला मॅनेजरसमोर नेलं. माझ्या कानाला तोंड लावून ती बोलली आणि मी ते मोठ्याने म्हणाले.

'त्यांच्याजवळ बाराचं तिकीट हाय. तोपर्यंत त्यांना इथे बसू द्या. खुर्च्या रिकाम्याच हायेत. वीस झाले तर खेळ लावा.'

मॅनेजरने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'या बाईंले काय झालं?'

हाच तो प्रश्न होता आणि भोवती मामा, बाबा, ती तीन अनोळखी माणसं. मी म्हणाले, 'ही माझी आई हाय. बडनेरा स्टेशनवर अनाउन्सर होती. ऑपरेशनमध्ये आवाज गेला. म्हणून मी बोलून राहिली.'

'आना वीस जन,' मॅनेजर म्हणाला. बहुधा आम्ही आणणार नाही अशी त्याची खात्री असावी.

आई मला घेऊन पायऱ्यांवर आली. आवारात साठ-सत्तर माणसं असतील. मी तोवर वर्गातही उभी राहून बोललेले नव्हते. आईने माझ्या पोटावर, बरगडीच्या खाली हात ठेवून दाबलं आणि कानात म्हणाली, 'इथून. घाई नको.' आणि मग एकेक तुकडा सांगत गेली. ती वाक्य कुठे तोडायचं ते हाताने दाखवायची, दाब काढला की थांबायचं. 'कृपया लक्ष द्या. बारा वाजताच्या सिनेमाची तिकिटं असलेल्या सर्वांसाठी. पडदा क्रमांक दोनमध्ये, थोड्याच वेळात, परदेशी संगीत नाटक सुरू होत आहे. वेगळ्या तिकिटाची गरज नाही. एसी चालू आहे.'

पहिल्यांदा कुणीच हललं नाही. एका मुलाने 'परत बोला ना' असं ओरडून म्हटलं आणि घोळका हसला. मी मागे वळले. आईने हात काढला नाही. 'परत,' ती म्हणाली. 'दोनदा सांगाच लागते. पहिल्यांदा मानूस फक्त आवाज ऐकते.' मी परत बोलले. या वेळी माझाच आवाज समोरच्या भिंतीला लागून परत आलेला मला ऐकू आला. एसी हा शब्द ऐकून एक लुगडं नेसलेली बाई पोराला कडेवर घेऊन उठली, तिच्यामागे तिचं सगळं घर उठलं, आणि मग रांग लागली. मॅनेजर दारात उभा राहून मोजत होता. तेवीसवर त्याने मोजणं सोडलं.

खेळाबद्दल मी काय सांगू? मला त्यातलं आज निम्मंही आठवत नाही. वसतिगृहातली मुलं सुरुवातीला नक्कल करत होती. पोरी मोबाईलवर होत्या. ते कडेवरचं पोर दहा मिनिटांत झोपलं. आणि मग धुक्याचा प्रवेश आला. बाई घाटावर येऊन उभी राहिली. फ्लेक्सवरच्या बाईपेक्षा ही बारीक होती, साध्या मळक्या झग्यात. कॅमेरा जवळ गेला तेव्हा आई पुढे सरकून तिच्या कपाळावर, केसांत, गळ्याशी माईक शोधत होती. बाईने तोंड उघडलं. मी एवढंच सांगू शकते की पोरींनी मोबाईल खाली ठेवले. मागच्या रांगेतल्या मुलांनी नक्कल थांबवली. आईने माझा हात घेतला आणि स्वतःच्या गळ्यावर, त्या टाक्यांच्या रेघेवर ठेवला. आत काहीतरी हलत होतं. ती त्या बाईबरोबर गात होती, हवेशिवाय, आवाजाशिवाय, नुसत्या गळ्याने. मी हात तसाच ठेवला. दंड भरून आला तरी काढला नाही.

बारा वाजता बरेचसे लोक उठून त्यांच्या सिनेमाला गेले. ते लुगडं नेसलेल्या बाईचं घर मात्र शेवटपर्यंत बसलं. जाताना ती मला म्हणाली, 'बापा, केवढी रडली ते बाई. तिचा मानूस काही आला नाही.'

पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकते. तो महोत्सव पाच खेळांचा होता, झाले तीनच. शेवटच्या दोन रविवारी मालकानेच हात टेकले. मामाचा फ्लेक्स आमच्या व्हरांड्यावर चार वर्षं टिकला. आईचा आवाज पूर्वीसारखा कधीच झाला नाही. ती आता निवृत्त होऊन अमरावतीला आमच्याजवळच राहते, आणि खरखरीत, अडखळत का होईना, पण ती बोलते. फोनवर तर तिला आवरावं लागतं. अमरावतीच्या त्या बाई म्हणाल्या होत्या, एक बाजू काम उचलते. ते खरं झालं. पण ते कुठून सुरू झालं हे त्या बाईंना माहीत नाही, कारण ते त्यांच्या खोलीत झालं नाही.

ते परतीच्या पॅसेंजरमध्ये झालं. दुपारची गाडी होती, खच्चून भरलेली नाही, पण बसायला जागा धरून घ्यावी लागली. आमच्यासमोर एक पोक्त बाई बसली होती, पायाशी संत्र्यांची पिशवी, वरुडकडची असावी. तिने आम्हा सगळ्यांच्या कपड्यांकडे पाहिलं आणि आईला विचारलं, 'लग्नाहून येऊन राहिल्या काय बाई?'

असं कुणी विचारलं की आई मला कोपराने ढोसायची आणि मी उत्तर द्यायची, हे आमचं ठरलेलं होतं. मी तोंड उघडलं. कोपर लागलं नाही. आईने घसा साफ केला.

'नाही,' ती म्हणाली. 'नाटक. पाहून.'

त्या बाईला ऐकू आलं नाही. 'काय म्हनता?'

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी ते गिळले. आयुष्यात मला जेवढं थोडं शहाणपण सुचलं असेल त्यातलं ते एक. मी खिडकीबाहेर पाहायला लागले. आईने पोटावर हात ठेवला, थांबली, आणि परत म्हणाली, 'नाटक पाहून. आलो. अकोल्याहून.' बाई पुढे वाकली. 'कोनतं नाटक?' आणि आईने सांगायला सुरुवात केली. एक होता नावाडी. दोन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास. बोरगाव गेलं तेव्हा नदीवर धुकं पडत होतं. बाईच्या शेजारचा माणूस पेपर मिटून बसला. वरच्या बाकावरचं कुणीतरी खाली वाकलं. कुणी मोठ्याने बोललं की ती बाईच त्याला दटावायची, 'अरे चूप राय ना, सांगून राहिल्या त्या.' बाबा आईच्या शेजारी बसले होते आणि त्यांनी पाण्याची बाटली झाकण काढूनच हातात धरली होती. मूर्तिजापूरला आई घोटभर पाणी प्यायली. पाटलाने नावाड्याच्या बायकोला कोठडीत टाकलं तेव्हा समोरची बाई म्हणाली, 'मेला पाटील.' कुरूमला आवाज पुरता फुटला, तरी ती थांबली नाही, फक्त शब्द कमी झाले.

बडनेरा आलं आणि गोष्ट संपली नव्हती. आम्ही उतरलो. ती बाई खिडकीशी सरकली. 'अवं मंग काय झालं? आली का नाव?' आई खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. गाडी तिथे काही मिनिटं थांबते.

'आली,' आई म्हणाली. 'पन त्यात. तिचा मानूस नव्हता. दुसरे तिघं होते. धुक्यात चुकलेले. तिच्या आवाजावर आले.'

'अन् तिचा नवरा?'

'ते नाही दाखवलं.'

'असं कसं बाई?' ती म्हणाली. तिला खरंच राग आला होता. मग म्हणाली, 'पन त्या तिघाईच्या बायकाईले तर मिळाले.' आईने मान हलवली. गाडी हलली. बाईने पिशवीतून दोन संत्री काढून खिडकीतून आईच्या हातात दिली आणि लांब जाईपर्यंत आमच्याकडे पाहत राहिली.

पुलावर चढताना आईचा गळा दुखत असणार, कारण ती मधे मधे तिथे हात ठेवत होती. बाबा म्हणाले, 'आता घशाले आराम दे जरा.' ती ऐकल्यासारखं करून चालत राहिली. वर पोचल्यावर तिने मला थांबवलं.

'दुसरा कधी?'

'पंधरा दिवसांनी,' मी म्हणाले. 'त्याची गोष्ट विसरली असशील. घरी गेल्यावर परत सांगते.'

'नको,' आई म्हणाली. तिने एक संत्रं सोलायला घेतलं, पहिली फोड मला दिली, दुसरी बाबांना. 'यानंतरच्या मी सांगीन.'